चंपाषष्ठीपर्यंत

मु. बोरखडी, पोस्ट देवळाली, तालुका राहुरी, जिल्हा अहमदनगर
मिती कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८६३

चिरंजीव आसाराम यास भिमाजी रखमाजी तोडमल याचा आशीर्वाद. आशीर्वाद हा वडिलांनी द्यावयाचाच असतो, तो मनातील रागालोभावर अवलंबून नसतो, म्हणून तो प्रथम लिहिला. येथे सर्व कुशल आहे.

भाऊबीजेकरिता तू तुझ्या बहिणीस पाठविलेले लुगडे गनीभाई टांगेवाल्याने आणून पोहोचते केले. मनकर्णाने ते कपाळास लावून पेटीत ठेविले. अद्याप नेसली नाही. का नेसली नाही हे मी विचारले नाही. लुगडे चांगले आहे, किनार अंमळ रुंद आहे. गनीभाई मजला म्हणाला, "तात्या, पोरगं नगरच्या दवाखान्यात कंपौंडर झालं, लोकास्नी बाटल्या भरून देतंय, आन् तुमी त्येला दोन वळी लिहीत न्हाई. माझा घोडा चाबूक खातो, तरी माझ्यावर यवढा राग धरीत न्हाई." टांगेवाल्याच्या बोलण्यास उत्तर देणे मला उचित वाटले नाही. तथापि पत्र लिहीत आहे, हे खरे.

बाजरीची सोंगणी उरकली. पाटाला पाणी आहे, त्यामुळे उसवाल्यांची चंगळ आहे, आणि पाटाच्या कडेने डबकी साचून डासांचीही आहे. देवळालीकडे हिवतापाची साथ आहे असे ऐकतो. आपल्या गावात नाही.

आता मुख्य मजकूर. दसऱ्याच्या दिवशी येथे एक निवाडा झाला. तो तुझ्या कानी भलत्याच रूपाने येईल, म्हणून मीच लिहितो. तुझे मेहुणे कोंडाजी आणि त्यांची चुलत भावजय लंकाबाई यांच्यामध्ये आंब्याच्या एका झाडाचा वाद होता. (निवाड्याच्या मजकुरात त्यांस नुसते कोंडाजी लिहितो. चावडीच्या ओट्यावर पंच म्हणून बसलेल्या माणसास जावई नसतो.) मागे ओढ्याला पूर आला तेव्हा दोघांच्या रानांमधला बांध वाहून गेला आणि आंबा मध्येच उभा राहिला. कोंडाजीचे म्हणणे, झाड माझ्या बापाने लावले. लंकाबाईचे म्हणणे, माझ्या सासऱ्याने लावले. दोघेही लावणारे आज हयात नाहीत.

लंकाबाई विधवा असली तरी तोंडाने मुळीच गरीब नाही, हे तू जाणतोस. ती चावडीपुढे उभी राहून म्हणाली, "तात्या, सासऱ्यानं जावयाचं भांडान तोडायचं, मंग मी हितं आले कशाला? घरीच बसून हारले असते." लोक हसले. मी तिला सांगितले की, या ओट्यावर चढताना मी नातीगोती वहाणांबरोबर खाली काढून ठेवतो. त्यावर ती म्हणाली, "वहाना कुत्रं नेतं कदी कदी." मी तिकडे दुर्लक्ष केले.

साक्षीस लालमहंमद तांबोळी आला. त्याचे वय झाले आहे, पण जबान स्वच्छ आहे. तो त्या काळी त्या रानात शेळ्या वळीत असे. त्याने सांगितले, "कोंडाजीच्या बापानं कोय लावली. म्या वढ्याचं पानी घातलं. शेळीनं शेंडा खाल्ला म्हून म्या मार बी खाल्ला." लंकाबाईकडे साक्षीदार नव्हता. तिचे ऐकीव होते.

यानंतर मी हुकूम दिला की, कोंडाजीने खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलावा, म्हणजे देवापुढचे बेलाचे पान आणि भंडारा तळहातावर घेऊन आपले म्हणणे खरे असल्याची शपथ वाहावी. कोंडाजी माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मामा, साक्ष झाली की. आता देव कशाला?" लालमहंमदही पुटपुटला, "माझा शबुद खरा मानता म्हनता, आन् वर देवाला तरास देता." मी म्हणालो, निवाडा असा असावा की त्यावर कोणाला बोट ठेवता येऊ नये. कोंडाजीने बेलभंडार उचलला. मुदत चंपाषष्ठीपर्यंतची आहे.

आपल्या गावचा दंडक तू विसरला नसशील. मुदतीत उचलणाऱ्याच्या घरात मरण, मोठे दुखणे किंवा गुरांची हानी झाली, तर शपथ खोटी ठरते. झाड तर जातेच, शिवाय पुढे त्या माणसाचा शब्द गावात चालत नाही, नांगरटीला सावडीने कोणी बैल देत नाही, त्याच्या लेकीबाळींना सोयरीक सांगून येत नाही. तसेच मुदत सरेपर्यंत त्या घरात वैद्य, हकीम, दवाखाना शिरू नये, कारण देवाचा हात मध्येच धरणे योग्य नाही. हे मी केलेले नियम नाहीत. माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहेत.

याच ओट्यासमोर तू एकदा चारचौघांत मजला विचारले होतेस, "नाना, देवाला साक्षीला बोलावता, पण त्याची उलटतपासणी कोण घेणार?" लोक त्या दिवशीही हसले होते. मी तुला ओट्यापुढून उठून जाण्यास सांगितले. तू गावातूनच उठून गेलास. त्या प्रश्नाचे उत्तर मी येथे देत आहे, असे समजू नये. मात्र तू नगरात राहतोस, कोर्टकचेरीचे शब्द ऐकतोस, म्हणून तुझ्या माहितीसाठी लिहितो. दोन्ही बाजू ऐकून घेणे ती दखल. खऱ्यातून खोटे वेचून काढणे तो निवाडा. तुझी आई सुपातले खडे वेची त्याचप्रमाणे. त्यावर शेवटचे बोलणे तो निकाल. आणि जेथे माणसाची बुद्धी थांबते तेथे देवाकडे मागावयाचा तो कौल. अडाणी लोक हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरतात. मी मराठी चौथी पास आहे. मी तसे करीत नाही.

प्रकृतीस जपावे. दवाखान्यात नाना जातीचे लोक येतात, त्यांच्याशी बोलणे नम्र ठेवावे.

भिमाजी रखमाजी तोडमल
पंच, मौजे बोरखडी

ता. क. मला मधूनमधून हीव भरते. देवळालीच्या टपाल कचेरीत हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या मिळतात, त्या आणल्या आहेत. मात्रा किती घ्यावी ते कळवावे. माझे अंग अलीकडे फार बारीक झाले आहे, करिता लहान अंगाला बेताची अशी मात्रा सांगावी. अगदी लहान. उत्तर परत टपालाने द्यावे.


मु. बोरखडी
मिती कार्तिक पौर्णिमा, शके १८६३

चिरंजीव आसाराम यास आशीर्वाद.

येथे सर्व कुशल आहे, हे वाक्य मागील पत्रात होते. या पत्रात ते नाही, हे तू वाचतानाच ओळखशील.

तुझे पत्र पावले. नमस्कार पावला. मात्रेचा मजकूर चांगल्या अक्षरात लिहिला आहेस, तो समजला. पण खाली जे लिहिलेस, "नाना, सत्तरीकडे आलेल्या माणसाला ही मात्रा पुरत नाही, आणि तुम्ही बारीक झाला असे गनीभाई म्हणत नाही, हीव कोणाला भरते ते लिहा," ते वाचून मला राग आला. बापाची जबानी घेण्याची ही रीत नव्हे. राग दोन दिवस टिकला.

मला हीव भरत नाही. ठकीला भरते.

ठकी म्हणजे मनकर्णाची आणि कोंडाजीची धाकटी. तू गेलास तेव्हा रांगत होती. आता ती बोलते, फार बोलते, आणि मला आजा न म्हणता "ए आजा" म्हणते. दिवाळीच्या आधीपासून तिला एक दिवसाआड हीव भरून ताप येतो. मला हे कोणी सांगितले नव्हते. मी भर दुपारी देवळाहून परतताना त्यांच्या दारावरून येत होतो, तो आतून जात्याची घरघर आणि मनकर्णाचे मोठ्याने ओव्या म्हणणे ऐकू आले. दुपारी कोणी दळत नाही. शेजारच्या ओसरीवर लंकाबाई शेंगा फोडीत बसली होती. ती आपल्या जागेवरून ओरडून म्हणाली, "मनकर्णे, कुनाचं लगीन काढलंस गं? रोज दुपारचं दळतीस ती?" ओवी मात्र मोठी झाली.

मी आत गेलो. कणगीच्या मागे, अंधारात, गोधड्यांच्या ढिगाखाली पोर थडथडत होती आणि कण्हत होती. जात्याभोवती पीठ नव्हते. मनकर्णाने मला पाहिले तरी खुंटा सोडला नाही. दळतच राहिली आणि डोळ्यांनीच मला दार लोटून घेण्यास सांगितले.

कोंडाजी गोठ्यातून आला. तो उंबऱ्यात उभा राहिला. म्हणाला, "मामा, पंच म्हनून आला का आजा म्हनून? पंच म्हनून आला आसाल तर घरात समदी बरी हायेत."

मी आजवर पुष्कळ लोकांना प्रश्न विचारले आहेत. मला प्रश्न विचारला गेला असता काय करावे, याचा सराव नाही. मी पागोटे काढले, खुंटीला लावले, आणि कणगीच्या मागे जाऊन बसलो.

त्या दिवसापासून मी रोज जातो. लोकांनी विचारले तर देवळात पोथी ऐकण्यास जातो असे सांगतो. मी असे सांगतो, हे तू दोनदा वाचावेस अशी माझी इच्छा नाही. कोयनेलसाठी देवळालीला गेलो तेव्हा टपालमास्तर म्हणाले, "तात्या, तुमाला हीव? तुमाला तर यमाचं हीव बी भरायचं न्हाई." मी हसलो. मी त्या माणसासमोर यापूर्वी कधी हसलो नव्हतो, त्यामुळे त्याला संशय आला असावा.

पूड गुळात कालवून देतो. पहिल्या दिवशी तिने चाटली आणि म्हणाली, "ए आजा, ह्यो गूळ सडलाय." आता तोंडच उघडत नाही. मनकर्णा नाक दाबते, मी बोट घालतो. काही पोटात जाते, काही माझ्या अंगरख्यावर.

याहून वाईट ते पुढे आहे. परवा कोंडाजी माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मामा, बापानं कोय लावली म्हनून मला आई सांगायची. आई खोटं बोलली आसंल का?" मी म्हणालो, लालमहंमदाने डोळ्यांनी पाहिले आहे. तो म्हणाला, "मंग पोर का तापली? म्या खरं उचललं आसतं तर तापली आसती का?" लक्षात घे, या माणसाने खरी गोष्ट सांगितली, साक्षीने ती खरी ठरली, आणि आता पोरीच्या अंगाला हात लावून तो स्वतःलाच खोटा ठरवू लागला आहे. आपल्या मेलेल्या आईलाही. मी त्याला समजावण्यास तोंड उघडले, पण बेलभंडार मीच उचलायला लावला असल्यामुळे वाक्य पुरे झाले नाही.

दंडकाप्रमाणे या दुखण्याची वर्दी मी चावडीवर दिली पाहिजे. मी दिलेली नाही. दिली तर आंबा लंकाबाईचा होईल आणि कोंडाजी जन्माचा खोटा ठरेल. पोरीला औषध मिळाले म्हणजे देवाचा हात धरला, म्हणून तेही खोटेच. न दिली तर जाते फिरत राहील. यातून तिसरी वाट मला सापडत नाही, आणि वाट दाखविण्याचे काम तर गाव माझ्याकडे घेऊन येतो.

करिता तू सविस्तर लिहून कळव. ताप उतरत नसेल तर काय करावे, पोटात बरगडीखाली गाठ लागते ती कशाची, पाणी द्यावे की नाही. तू यावेस असे मी लिहीत नाही. तू आलास तर दवाखाना घरात शिरला असे होईल. तेव्हा येऊ नकोस. पत्र मात्र लवकर लिही.

भिमाजी रखमाजी तोडमल

(खाली हुद्दा लिहिण्याचा राहिला. कागदाला जागा पुरली नाही.)


मु. बोरखडी
मिती कार्तिक वद्य षष्ठी, शके १८६३
हस्ते गनीभाई

आसाराम,

हे पत्र टपालात टाकीत नाही. गनीभाई टांगा जुंपून दारात उभा आहे. तो राहुरी ठेसनावर घोडा सोडून आगगाडीने तुझ्याकडे येईल आणि पत्र तुझ्याच हातात देईल. मी त्याला थोडे थांबवले आहे, कारण तुला काय झाले ते नीट कळले पाहिजे. अर्धवट ऐकून कोणी काही ठरवू नये.

तू लिहिलेस त्याप्रमाणे केले. काल दुपारी ताप डोक्यात गेला. ठकीचे अंग ताठ झाले, डोळे वर गेले, दात बसले. मग सैल पडली. त्यानंतर ती मनकर्णाला ओळखीना. मनकर्णा जात्यापाशी परत गेली आणि खुंटा धरून दळू लागली, पण ओवी तिला आठवेना. नुसतेच दगड फिरत राहिले.

मी घरी आलो. तुला काय लिहावे, म्हणून दौत काढून बसलो होतो. इतक्यात लंकाबाई माझ्या दारात आली. ती कधी माझ्या घरी आलेली नाही. ती दाराशी पदर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तात्या, जातं रिकामं फिरतंय. पिठाचा आवाज निराळा, दगडाचा निराळा. बाईला कळतंय ते."

मी म्हणालो, तुला वर्दी द्यावयाची असेल तर चावडीवर दे.

ती म्हणाली, "वर्दीला आले न्हाई. पोरगी माझ्या बी मांडीवर खेळली हाय. आंबा गेला उडत. माझं गाऱ्हानं म्या मागं घेते. आसारामाला बलवा."

येथे मी जे बोललो ते तुला जसेच्या तसे लिहितो. मी म्हणालो, "गाऱ्हाणे मागे घेता येते. कौल लागल्यावर मग तो फिर्यादीचा राहत नाही."

"मंग कुनाचा ऱ्हातो?"

"देवाचा."

"देवानं मागितला व्हता का?" ती म्हणाली. "तुमीच त्येच्या गळ्यात घातला. माझं म्या मागं घेतलं. आता तुमचं तुमी घ्या."

एवढे बोलून ती गेली. मला वाटले, आपल्या घरी गेली. पण ती सरळ कोंडाजीच्या घरात शिरली, मनकर्णाचा हात खुंट्यावरून काढला, कणगीमागून पोरीला उचलून ओसरीवर उजेडात आणले आणि मांडीवर घेऊन बसली. ज्या बाईशी वाद, तिच्याच मांडीवर. माझ्या निकालाची तिने वाट पाहिली नाही.

आज सकाळी मी गाव चावडीवर बोलावला. पागोटे बांधून गेलो, ते ओट्यावर ठेवले आणि मी स्वतः खाली, जेथे वादी-प्रतिवादी उभे राहतात तेथे बसलो. लोकांना वाटले मला भोवळ आली. कोणी पाणी आणण्यास धावला. मी त्याला थांबवले.

मागे मी तुला चार शब्दांचे अर्थ लिहून पाठविले होते. दखल, निवाडा, निकाल, कौल. माणसाची बुद्धी थांबते तेथे कौल मागावा, असे मी लिहिले होते. माझी बुद्धी थांबली नव्हती. लालमहंमदाची साक्ष होताच निवाडा माझ्या मनात पुरा झाला होता. झाड कोंडाजीचे होते. फक्त ते मोठ्याने म्हणावयाचे होते. म्हटले असते तर कोणी तरी म्हणाला असता की, तात्याने जावयाला आंबा दिला. ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून तो निवाडा मी गिळला आणि देवाच्या नावावर एक पोर तारण ठेवली. हेच मी गावापुढे बोललो. असेच बोललो, फक्त आवाज इतका स्थिर नव्हता.

मी म्हणालो, दसऱ्याचा बेलभंडार मी परत घेतो. तो कोंडाजीने आपणहून उचलला नाही, मी त्याच्या हातावर ठेवला. त्याचे जे काही देणे-घेणे असेल ते देवाने माझ्याशी करावे. कोंडाजीचा शब्द जसा होता तसाच आहे. त्याच्या घरी दुखणे आहे आणि त्या घरात आजपासून दवाखाना जाईल.

मग मागून आवाज आला, "जावयासाठी देवाला बी फिरवलं तात्यानं."

हे ते वाक्य. दसऱ्यापासून मी ज्याला भीत होतो ते हेच, शब्दाला शब्द. मी मान वळवून कोण बोलले हे पाहिले नाही. म्हणालो, "होय. असे म्हणा."

दोघे-तिघे उठून गेले. एक जण ओट्याकडे पाहून थुंकला. कोणी म्हणाले, खंडोबाचा कोप झाला तर गावावर होईल, तात्या म्हातारे झाले. लालमहंमद आपल्या काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो म्हणाला, "आज खरं बोलला तात्या. पन म्या त्याच दिवशी बोललो व्हतो, आन् मला तर लिवता बी येत न्हाई." लोक हसले. मीही हसलो असतो, पण वेळ नव्हता.

आंब्याचा वाद देवळालीच्या पंचांनी ऐकावा, असे ठरले. मी तो ऐकावयासच नको होता. लंकाबाई पहिल्या दिवशी हेच सांगत होती. पागोटे अजून ओट्यावर आहे. कोणी आणून दिले नाही आणि मी मागितले नाही.

तू ये. मागील पत्रात येऊ नकोस असे लिहिले होते, ते रद्द समजावे. तुझ्या साहेबांकडून रजा मिळत नसेल तर त्यांस हे पत्र दाखव. माझी लाज राखण्याकरिता ते लपवू नकोस. सुईचे औषध असेल तर ते आण. मोठा डॉक्टर येत असेल तर त्यास हात जोडून आण, माझ्या नावाने जोड. ठेसनावरून गनीभाईच्या टांग्यात बस. ओढ्याच्या मागच्या वाटेने येऊ नकोस, ती जवळची असली तरी. चावडीवरून ये. औषधांची पेटी मांडीवर धर, पायाशी ठेवू नकोस. ती लोकांना दिसली पाहिजे.

आज त्या घरी जाते बंद आहे. पोर कण्हते ते आता रस्त्यावर ऐकू येते. येणारे-जाणारे थांबतात. सकाळी कोणी तरी न बोलता ओसरीवर दुधाचा तांब्या ठेवून गेले. मनकर्णाने तुझे लुगडे पेटीतून काढले, फाडले आणि त्याच्या पट्ट्या भिजवून पोरीच्या कपाळावर ठेवीत आहे. किनार रुंद आहे असे मी लिहिले होते. ती रुंद होती हे बरे झाले.

तू जो प्रश्न विचारला होतास तो माझ्या लक्षात आहे. देवाची उलटतपासणी राहू दे. माझी तू घे. जे विचारशील त्याला मी खाली बसून उत्तर देईन आणि मध्ये उठणार नाही. पण ते नंतर. आधी पोरीला पाहा.

गनीभाई घोड्याला थांब थांब म्हणत आहे आणि मला आटपा म्हणत नाही, यावरून त्याला काय वाटते ते कळते.

पत्राखाली काय लिहावे याचा विचार केला. पंच हा शब्द आता लिहावयाचा नाही. तीर्थरूप असे तू मला लिहीत होतास, तो शब्द मी आपण होऊन माझ्या नावामागे लावणे बरोबर नाही. त्याचा निकाल तू येऊन दे. तोपर्यंत नुसते नाव लिहितो.

भिमाजी